चित्र कधी काढलं आणि कशावर काढलं, हे आधी विचारा

प्रागच्या पिंकस सिनेगॉगमध्ये तेरेझिन या नाझी छावणीतल्या ज्यू मुलांची चित्रं पाहून आल्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. छळछावणीत कागद आणि रंग मिळत कुठून? ही चित्रं कला म्हणून बघायची की पुरावा म्हणून, कारण त्यातली काही सरळसरळ कच्ची आहेत आणि तसं म्हणायलाही जीभ रेटत नाही? आणि कोल्हापुरात तुम्ही आठवीच्या ज्या वर्गाला चित्रकला शिकवता, त्या मुलांना ती दाखवावीत का? कागदावरच्या चित्रांचं जतन आणि दुरुस्ती हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. त्यामुळे मी कागदापासूनच सुरुवात करतो. बाकीची उत्तरंही तिथूनच सुटत जातील असं मला वाटतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. तुम्ही ‘वाचलेल्यांची चित्रं’ म्हणता, पण प्रागमध्ये पाहिलीत ती चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत. तेरेझिनहून त्यांना पूर्वेकडे, मुख्यतः आउशविट्झला पाठवलं आणि तिथे मारलं. वाचले ते कागद. ज्यांच्या बाबतीत माणूस आणि कागद दोन्ही वाचले, अशी उदाहरणं मोजकीच आहेत. काही ठिकाणी माणूस वाचला पण कागद गेला, मग त्यानं आठवून पुन्हा काढलं. हा भेद डोक्यात ठेवल्याशिवाय ‘कला की पुरावा’ या प्रश्नाला हातच घालता येत नाही. म्हणून माझ्यापुढे असं चित्र आलं की मी पहिल्यांदा विचारतो, हे कधी काढलं? छावणीत असताना, सुटका झाल्यावर लगेच, की पुढे कित्येक वर्षांनी? आणि दुसरं म्हणजे कागद उलटा करून मागची बाजू बघतो.

मागच्या बाजूला इतकं महत्त्व का, तर यातली बरीच चित्रं पाठकोऱ्या कागदांवर आहेत. तेरेझिन हे अठराव्या शतकात बांधलेलं तटबंदीचं गाव. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. युद्ध संपेपर्यंत एक लाख चाळीस हजारांच्या घरात माणसं तिथे आणली गेली. त्यातली तेहतीस हजारांहून जास्त तिथेच उपासमारीनं आणि रोगानं मेली आणि सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास पूर्वेकडे रवाना झाली. एवढ्या माणसांचा हिशेब ठेवायचा म्हणजे कागद आलाच. याद्या, फॉर्म, तक्ते, नकाशे, खतावण्या. नाझी कारभाराला कागदाचं वेड होतं आणि चित्रकारांनी त्यातूनच आपला कागद काढला.

गेटोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या या वस्तीच्या, तांत्रिक विभागात एक आरेखन कक्ष होता. त्याचा प्रमुख बेद्रिख फ्रिटा, मूळ नाव फ्रिट्झ टाउसिग. त्याच्या हाताखाली लिओ हास, ओटो उंगार, फर्डिनांड ब्लोख, पेटर किएन असे कसलेले चित्रकार होते. दिवसा त्यांनी काढायचे ते बांधकामाचे आराखडे, आकडेवारीचे तक्ते आणि छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी संघटनेच्या अधिकाऱ्यांसाठी सचित्र अहवाल. गेटो कसा शिस्तीत चाललाय, लोक कसे कामाला लागलेत, हे त्यातून दिसायला हवं. तोच कागद, तीच शाई आणि तेच कुंचले रात्री दुसऱ्या कामाला लागत. माळ्यावर दाटीवाटीनं पडलेले म्हातारे, प्रेतं वाहणारी गाडी (त्याच गाडीतून पावही वाटला जाई), रवानगीच्या आदल्या रात्रीची धावपळ. हासचा हात व्यंगचित्रकाराचा, भरभर चालणारा. फ्रिटाचा तसा नाही. त्याची मोठाली शाईची चित्रं रंगभूमीच्या नेपथ्यासारखी रचलेली आहेत. लांबच लांब सावल्या, रिकाम्या दुकानांचे देखावे, वाकलेली झाडं. ‘घाईत लपूनछपून केलेलं काम’ म्हणून त्यांच्याकडे बघायला जाल तर फसाल. एकेक वॉश, म्हणजे पातळ शाईचा हात, विचार करून दिलेला आहे.

२३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधी तेरेझिन बघायला आले. त्याआधी रंगरंगोटी झाली, बागा लावल्या गेल्या आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसं आउशविट्झला पाठवली गेली. पाहुणे समाधानानं परतले. १७ जुलैला फ्रिटा, हास, उंगार आणि ब्लोख यांना पकडलं. चित्रं बाहेर पाठवून ‘अत्याचारांचा खोटा प्रचार’ केल्याचा आरोप होता आणि चौकशीला आइशमन, ज्यूंच्या रवानगीची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी, जातीनं हजर होता. मग बायकामुलांसकट त्यांना जवळच्या ‘छोट्या किल्ल्या’तल्या तुरुंगात टाकलं. ब्लोखला तिथेच मारलं. उंगारचा उजवा हात कायमचा निकामी केला. तो सुटका होईपर्यंत जगला, पण १९४५ च्या उन्हाळ्यात गेला. फ्रिटा नोव्हेंबर १९४४ मध्ये आउशविट्झला मेला, त्याची बायको त्या तुरुंगातच वारली. एकटा हास उरला. आउशविट्झहून त्याला साक्सेनहाउसेनला नेलं. तिथे नाझी ब्रिटिश पौंडांच्या खोट्या नोटा छापत होते आणि त्यांना रेषेवर पकड असलेली माणसं हवी होती. शेवटी मे १९४५ मध्ये एबेनझे इथे तो सुटला.

सुटल्यावर तो तेरेझिनला परत गेला. अटकेपूर्वी सगळ्यांनी आपापली चित्रं लपवली होती. हासची भिंतीच्या पोकळीत होती, फ्रिटाची धातूच्या पेटीत घालून जमिनीत पुरलेली. ती मिळाली. फ्रिटाचा मुलगा टॉमी साडेचार वर्षांचा झाला होता, तुरुंगातून जिवंत निघाला होता. हास आणि त्याची बायको एर्ना यांनी त्याला दत्तक घेतलं.

याच टॉमीसाठी फ्रिटानं गेटोत असताना एक पुस्तक केलं होतं, तिसऱ्या वाढदिवसाची भेट म्हणून, २२ जानेवारी १९४४ ची. रंगीत, गमतीदार, पन्नासेक पानांचं. त्यात टॉमी सुटकेसवर उभा राहून खिडकीबाहेर बघतोय. पुढे त्यानं कधी न पाहिलेल्या गोष्टी येतात. फळं, प्रवास, मोठेपणी तो काय काय होऊ शकेल त्याची यादी. आता हे पुस्तक आणि ती काळी चित्रं शेजारी ठेवा. हात एकच, गाव एकच, काळही तोच. काळ्या चित्रांमध्ये पुरावा आहे हे कोणीही सांगेल. पण मला विचाराल तर टॉमीचं पुस्तक जास्त हादरवतं, कारण बापाला काय काय हिरावलं गेलंय ते नेमकं माहीत आहे आणि तो तेच काढतोय. त्याला कला म्हणायचं की पुरावा? म्हणूनच मी सुरुवातीला ‘कधी’ म्हटलं, आणि आता त्याला ‘कोणासाठी’ हेही जोडतो. काळी चित्रं पुढे कोणीतरी बघेल म्हणून काढलेली आहेत. पुस्तक एकाच वाचकासाठी आहे.

आता तुम्ही पाहिलेल्या मुलांच्या चित्रांकडे वळू. त्यांच्यामागे एक शिक्षिका आहे आणि तुम्ही स्वतः शिकवता म्हणून तिच्याबद्दल जरा विस्तारानं लिहितो. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस, जन्म व्हिएन्ना, १८९८. वायमारच्या बाउहाउस या आधुनिक कलाशाळेत ती योहानेस इटेनकडे शिकली. डिसेंबर १९४२ मध्ये तिला तेरेझिनला पाठवलं, तेव्हा मोजक्या सामानात या बाईंनी कागद आणि रंग कोंबले होते. मुलांच्या वसतिगृहांमध्ये, विशेषतः एल ४१० या मुलींच्या घरात, बाई वर्ग घेऊ लागल्या. मुलांना दुःख ‘व्यक्त’ करायला लावायचं, असला प्रकार त्यात नव्हता. हालचालीचे, लयीचे व्यायाम असायचे. बाई तोंडी वर्णन सांगत, मुलं ऐकून काढत. जुन्या थोर चित्रांच्या प्रतिकृती पाहून कागद फाडून, चिकटवून त्यांची रचना पुन्हा बांधायची. या चिकटचित्रांमध्ये हिशेबाच्या वहीचे, फॉर्मचे तुकडे आहेत, बारकाईनं पाहिलं तर रकाने आणि छापील अक्षरं दिसतात. बघताना आपला डोळा रंगावर जातो आणि फॉर्म सुटतो. पुन्हा पाहाल तेव्हा आधी तुकडे बघा.

म्हणून त्या हजारो चित्रांत फुलं, घरं, टेबलावरचं ताट, सर्कस असं पुष्कळ आहे आणि पहारेकरी, फाशी, रांगा त्या मानानं कमी. पाहुण्यांना याचं आश्चर्य वाटतं. वाटायला नको. बाई चित्रकला शिकवत होत्या. मुलांना चित्रकार करायचं नव्हतं, पण त्यांची नजर आणि हात मोकळे राहिले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता आणि १९४३ मध्ये गेटोतल्याच शिक्षकांसमोर त्यांनी यावर व्याख्यानही दिलं. त्यांची पूर्वीची एक विद्यार्थिनी, एडिथ क्रेमर, युद्धाआधी न्यूयॉर्कला निसटली आणि पुढे कलोपचाराच्या क्षेत्रातलं मोठं नाव झाली. तिनं या शिकवणीचं ऋण मानलं आहे.

आणखी एक गोष्ट बाईंनी केली, जी जतनाच्या दृष्टीनं मला सगळ्यात मोलाची वाटते. मुलांना चित्रावर नाव घालायला लावलं. कुठे वय, कुठे खोली किंवा गट. ऑक्टोबर १९४४ मध्ये बाईंची रवानगी आउशविट्झला झाली आणि तिथे त्यांना मारलं. जाण्याआधी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली होती. युद्धानंतर वसतिगृहाचे एक काळजीवाहक विली ग्रोग यांनी त्या प्रागला पोचवल्या. नावं होती म्हणूनच पुढे रवानगीच्या याद्यांशी ती ताडून पाहता आली आणि एकेका चित्रामागचं मूल ओळखता आलं. नसती, तर आपल्याकडे एक सुंदर निनावी गठ्ठा असता.

कच्चेपणाबद्दल तुम्हाला जो संकोच वाटतो, तो सोडून द्या. बारा वर्षांच्या मुलाचं चित्र बारा वर्षांच्या मुलासारखंच असणार. तुमच्या वर्गातल्या चित्राबद्दल बोलता तसंच बोला: रचना कुठे घट्ट आहे, रंग कुठे घाबरलाय. दयेपोटी सगळ्यांना एकजात ‘हृदयद्रावक’ म्हणणं हा त्या बाईंच्या शिकवण्याचाच अपमान होईल.

हेल्गा वाइसोवाचं उदाहरण तुमच्या वर्गाला सगळ्यात जवळचं वाटेल. जन्म १९२९, प्राग. डिसेंबर १९४१ मध्ये तेरेझिनला आल्यावर तिनं बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांचं चित्र काढलं आणि पुरुषांच्या बराकीत असलेल्या वडिलांना गुपचूप पाठवलं. वडिलांनी उलट निरोप दिला: जे दिसतं ते काढ. मग तिनं तेच केलं. आंघोळीच्या रांगा, तीन मजली बाकड्यांवरचं झोपणं, पाव वाटणं. आउशविट्झला नेलं त्याआधी तिनं चित्रं काकांकडे दिली आणि त्यांनी ती भिंतीत चिणून ठेवली. आउशविट्झ, फ्रायबर्ग आणि माउटहाउसेन या तिन्ही ठिकाणांहून ती जिवंत आली, पण तिथे काढणं शक्यच नव्हतं. ती दृश्यं तिनं परतल्यावर काढली. म्हणजे एकाच मुलीच्या एकाच संग्रहात ‘समोर बघून’ आणि ‘आठवून’ अशी दोन प्रकारची चित्रं आहेत. मथळा लिहिताना हे सांगितलंच पाहिजे. अनेक पुस्तकं सांगत नाहीत आणि मग हा संहार झालाच नाही म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.

आठवून काढलेलं म्हणजे कमी विश्वासाचं, असं मात्र समजू नका. टोमास गेफे या नावानं ओळखला जाणारा मुलगा बुखेनवाल्डमध्ये सुटला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, चालण्याचीही ताकद नव्हती. तिथेच बराकीत पडून त्यानं एसएसच्या फॉर्मांच्या मागच्या बाजूला, पोस्टकार्डाएवढ्या आकाराची ७९ चित्रं काढली. वडील इंग्लंडमध्ये होते, त्यांना आपण काय पाहिलं ते समजावून सांगायचं होतं. चित्रं जवळपास तक्त्यांसारखी आहेत. दिवसाचं वेळापत्रक, शिधा किती, कपड्यांवरच्या कोणत्या खुणेचा अर्थ काय. पुढचं आणि मागचं अशा दोन्ही बाजू मिळून तो एक दस्तऐवज आहे आणि अशा कागदाला पाठीमागून जाड पुठ्ठा चिकटवणाऱ्या माउंटवाल्याला मी दारात उभं करणार नाही.

दाविद ओलेरचं काम तर न्यायालयापर्यंत गेलं. तो वॉर्सात जन्मलेला, पॅरिसमध्ये सिनेमाची पोस्टर्स करणारा चित्रकार. आउशविट्झमध्ये त्याला प्रेतं जाळणाऱ्या कैद्यांच्या पथकात घातलं होतं. त्या पथकातले फार थोडे जगले. वायूकोठडीच्या आत माणसं मारली जात असतानाचा एकही फोटो अस्तित्वात नाही. ओलेरनं सुटकेनंतर, १९४५ पासून, आठवून जी रेखाटनं केली त्यात इमारतीची रचना आहे आणि ती वास्तूच्या मूळ आराखड्यांशी जुळते. येहुदा बाकोन हा तेरेझिनमार्गे आउशविट्झला गेलेला मुलगा. त्यानंही सुटल्यावर अशीच चित्रं काढली आणि १९६१ च्या आइशमन खटल्यात साक्ष दिली. पण त्याच बाकोननं वडिलांचं एक चित्रही काढलंय. धुराड्यातून निघणाऱ्या धुरात चेहरा उमटतोय आणि वडिलांच्या मृत्यूची तारीख आणि वेळ लिहिलेली आहे. ते कोर्टात चालणार नाही. चालावं म्हणून काढलेलंही नाही.

उशिरा काढलेल्यांविषयी थोडक्यात. चित्रकार झोरान मूझिचनं दाखाऊच्या छावणीत चोरून रेखाटनं केली होती. नंतरची पंचवीस वर्षं तो निसर्गदृश्यं आणि घोडे काढत राहिला आणि १९७० पासून अचानक प्रेतांच्या राशी परत आल्या. ‘आम्ही शेवटचे नाही’ हे त्या मालिकेचं नाव. त्याची आधीची उघडी, खडकाळ टेकड्यांची चित्रं पुन्हा पाहिली की राशींचा आकार तिथेही दिसू लागतो. ऑस्ट्रियातली रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जाई) स्त्री चेया स्टोइका लहानपणी आउशविट्झ, रावेन्सब्रुक आणि बेर्गेन-बेल्झेन अशा तीन ठिकाणांतून वाचली, गालिचे विकून संसार केला आणि पन्नाशी उलटल्यावर रंग हातात घेतले. शिक्षण काहीच नाही, बोटांनीही रंगवायची. सहीच्या जागी बऱ्याचदा झाडाची फांदी असते. बेल्झेनमध्ये झाडाचा चीक आणि पानं खाऊन तग धरला, त्याची ती आठवण. अशा चित्रात बराकींची संख्या बरोबर आहे का हे बघत बसणं व्यर्थ. रोमांच्या संहाराबद्दल युरोप कित्येक दशकं गप्प होता, तिथे तिनं तोंड उघडलं हेच पुष्कळ आहे.

मालकीचा वाद एकच सांगतो. ब्रनोची दिना गॉटलिबोवा हिला आउशविट्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणारा नाझी डॉक्टर मेंगेले यानं रोमा कैद्यांची जलरंगातली व्यक्तिचित्रं काढायला लावली. त्या कामामुळे ती आणि तिची आई जगल्या. पुढे ती अमेरिकेत ॲनिमेशनमध्ये काम करत असताना कळलं की सात चित्रं आउशविट्झच्या संग्रहालयात आहेत. तिनं मागितली, संग्रहालयानं ती संहाराचा पुरावा म्हणून द्यायला नकार दिला आणि २००९ मध्ये ती वारली तेव्हाही चित्रं तिथेच होती. दोन्ही बाजूंना वजन आहे हे मला कळतं. तरीही चित्रकर्ती हयात असताना मूळ चित्रं तिच्या हाती आणि उत्तम प्रतिकृती भिंतीवर, अशी सोय व्हायला हवी होती असं माझं मत आहे. लाकडाच्या लगद्याच्या कागदावरचा जलरंग कायम भिंतीवर टांगायचा नसतोच. पन्नास लक्सच्या आसपास मंद उजेड, काही महिने दाखवायचा आणि मग अंधारात विश्रांती, हा आमच्या धंद्यातला सर्वसाधारण नियम आहे.

जाता जाता तुमच्या कागदाच्या कुतूहलासाठी: या चित्रांवरच्या घड्या, गंजलेल्या टाचण्यांचे डाग, मातीचे ठिपके आम्ही ‘साफ’ करत नाही. घडी सांगते की कागद कपड्यात लपवला होता. आम्लामुळे कागद पिवळा पडून भुगा होऊ लागला तर आम्ल मारण्याची प्रक्रिया करावी लागते, पण तीही जपून. त्या काळी कचेऱ्यांमध्ये कॉपिंग पेन्सिल सर्रास असे. कोरडी असताना ती साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते आणि पाण्याचा थेंब लागला की जांभळी होऊन फुटते. एका चुकीच्या ओल्या बोळ्यानं चेहरा जाऊ शकतो.

आता तुमच्या आठवीचं. दाखवा, पण निवडून. चौथीच्या वर्गाला मी दाखवणार नाही. ओलेर आणि फ्रिटाची काळी चित्रं आठवीलाही नकोत. हेल्गाची दोन-तीन, टॉमीच्या पुस्तकातली पानं आणि एल ४१० मधली चिकटचित्रं पुरे आहेत. मुलाचं नाव सांगा आणि त्याचं काय झालं तेही एका सरळ वाक्यात सांगा. वर्गात दिवे मंद करणं, वाद्यसंगीत लावणं असलं काही नको.

आणि ‘तुम्ही छावणीत आहात अशी कल्पना करून चित्र काढा’ हा विषय कृपा करून देऊ नका. मी अशी प्रदर्शनं पाहिली आहेत. सगळीकडे काटेरी तार, एक रडका डोळा आणि खाली लाल रंग. ती कल्पना मुलांची नसते, पोस्टरवरून उचललेली असते. त्याऐवजी फ्रीडलबाईंचाच धडा द्या. शाळेच्या कार्यालयातून रद्दीतले पाठकोरे कागद, जुने छापील फॉर्म आणा. एखादं जुनं चित्र समोर ठेवा आणि फक्त कागद फाडून त्याची रचना उभी करायला सांगा, पेन्सिल आणि कात्री न वापरता. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत मुलांचा हात इतका आखीव झालेला असतो की पहिल्या तासाला ती वैतागतील. वैतागू द्या. शेवटी प्रत्येकाला पुढच्या बाजूला नाव, वर्ग आणि तारीख घालायला लावा.

कोल्हापुरात शिकवता म्हणून एक सुचवतो. वळिवडे तुमच्या उशाशी आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. सोव्हिएत राजवटीनं घराबाहेर काढून सायबेरियाकडे आणि मध्य आशियाकडे धाडलेली ही माणसं, त्यात स्त्रिया आणि मुलं बहुसंख्य. मुलं ‘छावणी’ ऐकून वळिवडेला तेरेझिनशी जोडतील, तेव्हा फरक सांगा: वळिवडेला त्यांना आसरा मिळाला होता, शाळा होती, बाजारात जायची मोकळीक होती. या दोन गोष्टी एकाच तासात घेऊ नका, गोंधळ होईल. वेगळा तास ठेवा आणि जमलं तर मुलांना तिथे प्रत्यक्ष घेऊन जा.

शाळेच्या भिंतीवर प्रती लावायच्या असतील तर नेटवरून उचलू नका, संबंधित संग्रहालयाला हेतू कळवून परवानगी मागा. मुलांची चित्रं प्रागच्या ज्यू म्युझियमकडे आहेत, फ्रिटाची चित्रं बर्लिनच्या ज्यू म्युझियममध्ये. प्रत मागताना मागच्या बाजूचा फोटो आहे का हे जरूर विचारा. असेल तर दोन्ही बाजू शेजारी लावा आणि खाली नाव, वय, ‘समोर बघून’ की ‘नंतर आठवून’, आणि कशावर काढलं, एवढं लिहा.